गायरानाची वाट

बाईंनी दुसऱ्यांदा कॉफी ओतली तेव्हा मी विचारायला हवं होतं. त्यासाठीच तर मी त्यांच्या दारात गेलो होतो. पण मी म्हणालो, "वारा फार आहे इकडे."

"आज कमीच आहे," बाई म्हणाल्या.

मग आम्ही वाऱ्याबद्दल बोललो. मागच्या वर्षी गोठ्याचं छप्पर कसं उडालं ते त्यांनी सांगितलं. न्यू जर्सीत बर्फ किती पडतो ते मी सांगितलं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण अडचण इंग्रजीची नव्हती. निम्मं आयुष्य मी अमेरिकेत काढलं आहे. जे विचारायचं होतं ते मराठीतही माझ्या तोंडून निघालं नसतं.

वाक्य साधं होतं. तुमच्या जमिनीतून पलीकडच्या सरकारी जमिनीवर जाऊ द्याल का? गुरुनाथने गाडीत माझ्याकडून ते म्हणवून घेतलं होतं, शाळेतल्या पोराकडून पाढा म्हणवून घ्यावा तसं.

टेबलावर लाडवांचा स्टीलचा डबा उघडा होता. गुरुनाथच्या बायकोने, नीलांबरीने, तो गाडीत ठेवला होता. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून. बाईंनी एक लाडू चमच्याने फोडून खाल्ला आणि दुसरा हातात घेतला. साठीच्या पुढच्या असतील. अंगात पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नाव डॉरथी.

"तुमच्या बायकोने केले?"

"मेहुण्याच्या बायकोने. माझी बायको गेली. मागच्या ऑक्टोबरात."

बाईंनी लाडू खाली ठेवला. "सॉरी," म्हणाल्या आणि गप्प बसल्या. इथली माणसं अशा वेळी पुष्कळ बोलतात. त्या बोलल्या नाहीत, ते मला बरं वाटलं. पण त्यामुळे विचारणं आणखी अवघड झालं. बायको गेल्याचं सांगायचं आणि पाठोपाठ काहीतरी मागायचं, हे बरं दिसेना.

शेवटी त्यांनीच विचारलं. "मग, इकडे कशासाठी येणं झालं?"

इतकं सोपं करून कुणी देत नाही. माझी केशरी टोपी माझ्या मांडीवर होती. शिकारीला आलेल्या माणसाशिवाय असली टोपी कुणी घालत नाही. बाईंनी टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सहज," मी म्हणालो. "पश्चिमेकडे कधी आलो नव्हतो. घर दिसलं, म्हटलं डोकावून जावं."

आपल्याकडे दारात आलेला माणूस सहज आलो म्हणाला की घरचा माणूस ओळखतो. म्हणतो, ते असू दे हो, काम काय ते सांगा. मग पाहुणा थोडे आढेवेढे घेतो आणि सांगतो. मी त्या वाक्याची वाट बघत बसलो. बाई माझी वाट बघत बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "परत या कधीतरी."

मी उठलो, आभार मानले आणि बाहेर पडलो. डबा तिथेच विसरलो.

गुरुनाथ मोठ्या रस्त्यावर गाडी लावून बसला होता. गुरुनाथ म्हणजे माझ्या बायकोचा, अहिल्येचा, धाकटा भाऊ. कोलोरॅडोत पाण्याच्या पाइपलाइनी आखणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. ऑफिसातल्या लोकांबरोबर दोनदा डोंगरात शिकारीला जाऊन आला होता, पण वायोमिंगच्या माळावर, या इथल्या हरणांसाठी, तोही पहिल्यांदाच आला होता. नकाशा त्याने स्टिअरिंगवर पसरला होता. नकाशात पिवळे चौकोन सरकारी जमिनीचे आणि पांढरे खाजगी मालकीचे, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक. पिवळ्या चौकोनात कुणालाही शिकार करता येते. पण त्यातल्या कितीतरी चौकोनांना रस्ताच नसतो. चहूबाजूंनी पांढरं. आम्हाला हवा होता तो चौकोन बाईंच्या घरामागे होता, आणि जवळची वाट त्यांच्या जमिनीतून.

"हे म्हणजे आपलं गायरान की ओ दाजी," तो सकाळी म्हणाला होता. "गायरान सगळ्या गावाचं, आणि वाट पाटलाच्या रानातनं."

मग मला पुढे घातलं. "दोघं गेलो तर घाबरतील. दोन मिशीवाले काळे, गाडीत बंदुका. डायरेक्ट पोलिसांना नाइन-वन-वन लावतील. तुम्ही एकटे जावा. केस पांढरे, चेहरा गरीब. तुम्हाला कोण नाही म्हणतंय?"

आता तो काच खाली करून विचारत होता, "काय म्हणाली पाटलीण?"

"नाही म्हणाली."

शब्द फार सहज निघाला. एवढा वेळ टेबलाशी बसून एक वाक्य निघालं नव्हतं, आणि हे निघालं.

"एवढा वेळ आत काय करत होता मग?"

"कॉफी दिली."

"कॉफी पाजून नाही म्हणाली?" गुरुनाथने नकाशाची घडी घातली. "रंग बघितला असणार. नाइन-इलेव्हन झाल्यापासून बघतोय मी. तोंडावर हसतात, नाव विचारतात, आणि मग चेहरा बदलतो. आमच्या ऑफिसातल्या त्या केव्हिनला गेल्या वर्षी याच भागात तीन रँचवाल्यांनी परवानगी दिली. केव्हिनला! ज्याला धड गुड मॉर्निंग म्हणता येत नाही. आणि तुम्हाला नाही."

मी गाडीत बसलो.

"काय बोलली नक्की?"

"तसं काही नाही बोलली. नको म्हणाली."

"तसंच असतं. बोलत नाहीत ना यार, तीच तर खुबी आहे यांची."

मी पट्टा लावला. तेव्हा सांगता आलं असतं. गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

अहिल्या असती तर हे काम तिचं होतं. विचारायची सगळी कामं तिची. दुकानात वस्तू परत करायची असो, वळण चुकल्यावर रस्ता विचारायचा असो, ती उतरायची आणि मी इंजिन चालू ठेवून गाडीत बसायचो. न्यू जर्सीत पार्सिपनीला घर घ्यायचं ठरलं तेव्हा वस्ती कशी आहे हे तिने शेजारच्या चार घरांची दारं ठोठावून विचारलं. कुणाच्याही दारात गेली की ती आधी पाणी मागायची. तहान नसली तरी. पाणी दिलेला माणूस लगेच दार लावून घेत नाही, असं तिचं म्हणणं होतं. परत येऊन गाडीत बसली की तिच्याजवळ सगळी माहिती असायची. कुणाचा कुत्रा चावतो, कुणाचा मुलगा सैन्यात आहे. मी गिअर टाकायचो.

मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगची यंत्रं दुरुस्त करत होतो. यंत्राला विचारावं लागत नाही. उघडून बघता येतं.

तिचे वडील गडहिंग्लजकडचे. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. शिकारबंदी यायच्या आधी ते कधी ससा, कधी रानडुक्कर आणायचे, आणि एकदा भेकर आणलं होतं. अहिल्या तेव्हा परकरी वयाची होती. शेवटच्या उन्हाळ्यात तिच्या तोंडाची चव गेली. वरणभात नको, सूप नको, काहीच नको. एकदा फोनवर गुरुनाथला म्हणाली, "आबांनी आणलेलं ते भेकराचं मटण आठवतंय का रे? तसलं काहीतरी खावंसं वाटतंय." गुरुनाथ म्हणाला, "अक्का, सीझन सुरू होऊ दे, मी घेऊन येतो." सीझन सुरू व्हायच्या आत ती गेली.

आमच्यात वर्षाच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. गुरुनाथने उन्हाळ्यातच लायसन्ससाठी दोघांचे अर्ज करून टाकले. मला म्हणाला, "दाजी, गोळी तुम्ही घालायची. मी नुसता बरोबर येतो. अक्काला तुमच्या हातचं." मी आठवडाभर आधी त्याच्याकडे जाऊन राहिलो. त्याच्या मित्राची रायफल घेऊन कागदाच्या निशाण्यावर गोळ्या झाडायला शिकलो. हात स्थिर होता. यंत्रावर काम केलेला हात आहे. लांबचा कागद मी बरा फोडत होतो.

त्या संध्याकाळी मोटेलच्या खोलीत गुरुनाथने पोळ्या आणि बटाट्याची भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली आणि नीलांबरीला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला.

"नाही म्हणाली गं ती बाई. कॉफी पाजली दाजींना, आणि मग बाहेर. आपले चेहरे बघितले ना!"

"अगंबाई. लाडू दिले ना तिला?"

"लाडू ठेवून घेतले! डब्यासकट!"

"माझा डबा?" नीलांबरी हसली. मग तिचा आवाज बदलला. "दाजी, ऐकताय ना? मनाला लावून घेऊ नका हं. असतात काही काही लोक असे."

"नाही, नाही," मी म्हणालो. माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. तो मी बराच वेळ भाजीत बुडवत राहिलो.

गुरुनाथने मग नकाशा पलंगावर पसरला. फार वळसा घालून गेलं तर एके ठिकाणी सरकारी रस्ता त्याच पिवळ्या चौकोनाच्या पलीकडच्या कडेला लागत होता. तिथून चालत टेकडी ओलांडायची, आणि बाईंच्या कुंपणाजवळच्या त्याच मोकळ्या माळावर उतरायचं. "तिच्या गेटातनं वीस मिनिटं," तो म्हणाला. "आता अख्खी सकाळ चाला. चालू. तिच्या नाकासमोर मारू हरीण."

सकाळी आम्ही चाललो. माळ सपाट दिसतो पण तसा नाही. सेज नावाची खुरटी झुडपं घोट्याला लागतात, मधेच ओढ्याची कोरडी घळ येते. गुरुनाथ पुढे, मी मागे. तो चालताना बाईंना बोलत होता. प्रत्येक घळ आली की एक शिवी. मी ऐकत होतो. ज्या शिव्या माझ्या होत्या त्या दुसऱ्याला लागत होत्या, आणि मी मागून चालत होतो.

टेकडीच्या माथ्यावर आम्ही आडवे झालो. खाली हरणं होती. पांढरी पोटं, तांबूस पाठी, सगळ्या माद्या. आमच्या लायसन्सला मादीच चालत होती. त्यांच्या पलीकडे काटेरी तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या फार पलीकडे बाईंच्या घराचं छप्पर.

"घाई नको," गुरुनाथ कुजबुजला. डोळ्याला दुर्बीण होती. "उजवीकडची. आडवी होऊ दे."

ती आडवी झाली. मी श्वास सोडला आणि घोडा दाबला.

"लागली! लागली दाजी!" आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "मागं लागली ओ. पोटात."

कागद हलत नाही. ती एक पाऊल पुढे टाकायला गेली होती.

कळप पळाला. ती त्यांच्याबरोबर थोडं पळाली, मग मागे पडली, आणि वाकडी चालत कुंपणापाशी गेली. ही जनावरं तारेवरून उडी मारत नाहीत, खालून सरपटत जातात. तीही तशीच गेली. पोट जमिनीला घासत. मी दुसरी गोळी भरेपर्यंत ती पलीकडे उभी होती. थोडी चालली आणि गवतात बसली. मान वर होती.

आम्ही कुंपणापर्यंत गेलो. ती आमच्याकडे बघत होती. मधे फक्त तार होती.

"चला," गुरुनाथने तार वर धरली. "शिरा आत. एक गोळी, संपलं."

"नको. जमीन त्यांची आहे."

इथला कायदा तसा आहे. आपण मारलेलं जनावर दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन पडलं तरी परवानगीशिवाय आत जायचं नाही. गुरुनाथला हे माझ्याआधी माहीत होतं.

"अहो कायदा गेला खड्ड्यात. जितं आहे ते जनावर."

"विचारून येतो."

"कुणाला? त्या बाईला? ती परत नाहीच म्हणणार!"

"नाही म्हणणार नाही."

"कशावरून?"

ही दुसरी वेळ होती सांगायची. तो तार धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. "तू इथे थांब," मी म्हणालो. "ती कुठे जाते त्यावर लक्ष ठेव." रायफल त्याच्याजवळ दिली, गाडीची किल्ली घेतली आणि निघालो.

आत जाऊन एक गोळी घातली असती तर तिचे हाल तिथेच संपले असते. ते मला कळत होतं. पण आदल्या दिवशी त्या घरात कॉफी पिऊन, बाहेर येऊन मी त्या बाईवर नसता आळ घातला होता. आता त्यांच्याच तारेखालून चोरासारखं शिरणं माझ्याने होईना. माझी लाज राखायला ते जनावर तिथे बसून राहिलं. खरं एवढंच आहे.

टेकडी चढून, सगळ्या घळी परत ओलांडून मी गाडीपाशी आलो. वळसा घालून गाडी बाईंच्या दारात नेली. दार ठोठावलं.

बाईंनी दार उघडलं. त्यांच्यामागे ओट्यावर नीलांबरीचा डबा होता, धुऊन पालथा घातलेला.

"डबा न्यायला आलात?" बाई म्हणाल्या.

मला हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. जीभ तिकडे वळलीही होती.

"नाही," मी म्हणालो. "मी एक मादी मारली. सरकारी जमिनीवर. गोळी नीट लागली नाही. ती तारेखालून तुमच्या जमिनीत आली आणि बसली आहे. अजून जिवंत आहे. मला आत जायची परवानगी हवी आहे." मग म्हणालो, "प्लीज."

बाईंनी खुंटीवरून कोट काढला. "चला," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या जुन्या पिकअपमध्ये मी शेजारी बसलो. घरामागून चाकांच्या दोन चाकोऱ्या माळावर जात होत्या. गेट आलं की शेजारी बसलेल्या माणसाने उतरून उघडायचं, गाडी गेली की लावायचं, अशी तिकडची रीत आहे. त्यांनी मला ती सांगितली. पहिल्या गेटला कुलूप नव्हतं. तारेची एक कडी होती, खांबात अडकवलेली. दुसऱ्यालाही तशीच. मी ती काढत होतो आणि परत घालत होतो.

"काल तुम्ही यासाठीच आला होता," बाई म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"हो."

"मी वाट बघत होते. दुसरा कप ओतला तो त्यासाठीच. मला दुपारी एवढी कॉफी चालत नाही."

मी पुढच्या काचेतून बघत राहिलो. त्यांना सांगता आलं असतं की माझ्या मेहुण्यासमोर हे बोलू नका. तेही मला मागता आलं नाही, आणि ते नाही आलं ते बरंच झालं.

गुरुनाथ तारेपलीकडे उभा होता. पिकअप बघून त्याचा चेहरा ताठ झाला. भांडायची तयारी करून उभा होता. बाई खाली उतरल्या.

"तुम्हीही काल घरी का नाही आलात?" त्या त्याला म्हणाल्या. "या चाकोरीने आला असतात तर एवढं चालावं लागलं नसतं."

"तुम्हीच नाही म्हणालात ना," गुरुनाथ म्हणाला.

"मी?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला कुणी विचारलंच नाही."

गुरुनाथही माझ्याकडे बघू लागला. वारा होता. तो माझ्या टोपीखालून शिरत होता आणि मी टोपी हाताने दाबून धरली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कुठे आहे ती?"

गुरुनाथने हात केला. मग तार वर उचलून खालून आत आला आणि रायफल माझ्या हातात दिली.

ती होती तिथेच होती. मान अजून वर होती पण आता डुलत होती. आम्ही जवळ गेलो तरी उठली नाही. डोळा मोठा, काळा, त्यात आभाळ दिसत होतं. मी बाईंकडे पाहिलं.

"तुमची आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हीच करा. मानेत."

मी केलं.

पोट गुरुनाथने फाडलं. मी पाय धरून बसलो. गोळीने आतडी फुटली होती, घाण बरीच झाली होती, पण मांड्या आणि पाठ चांगली निघाली. बाई थोड्या लांब उभ्या राहून बघत होत्या. मधेच जवळ आल्या, गुरुनाथच्या हातातली सुरी घेतली, कुठे कापायचं ते दाखवलं आणि सुरी परत दिली. तो "थँक यू मॅम" म्हणाला. मान खाली घालून.

परतताना गुरुनाथ आणि मी पिकअपच्या मागे बसलो, जनावराच्या दोन बाजूंना. गेटं बाईंनी स्वतः उतरून उघडली, आम्हाला उठू दिलं नाही.

"दाजी," गुरुनाथ म्हणाला. "काल नीलांबरीला मी काय काय बोललो त्या बाईबद्दल."

"हो."

"तिला फोन करावा लागेल."

"मी करतो," मी म्हणालो.

तो जनावराच्या पाठीवरून हात फिरवत होता. केस पोकळ असतात त्यांचे, हाताला लागून गळतात. त्याच्या पँटवर सगळे चिकटले होते.

"अक्काला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून तुम्हाला गाडीत बसवून ठेवायची."

त्याचं खोटं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी गाडी सांभाळतो.

थोड्या वेळाने मी विचारलं, "हिचं मटण ठेवायचं का अहिल्येच्या पानात? असं मेलेलं?"

"ठेवायचं. पण कसं मिळालं ते तिला सांगून ठेवायचं," गुरुनाथ म्हणाला. "तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

अंगणात आम्ही मांस बर्फाच्या पेटीत भरलं. गुरुनाथने बाईंना मागचा एक पाय पुढे केला. बाईंनी तो घेतला, वजन बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला आवडेल." नवरा गवत आणायला शेजारच्या गावात गेला होता. त्यांनी आतून नीलांबरीचा डबा आणून दिला. त्यात सफरचंदाच्या वड्या घातल्या होत्या. "लाडवांची रेसिपी पाठवायला सांगा," म्हणाल्या. गुरुनाथने डबा दोन्ही हातांनी घेतला.

तो गाडीत जाऊन बसला. इंजिन चालू केलं. मी अजून अंगणातच होतो. माझे हात कोपरापर्यंत भरलेले होते आणि रक्त सुकून कातडी ओढत होतं.

"आणखी काही हवंय?" बाईंनी विचारलं.

नाही, थँक यू, हे शब्द माझ्या तोंडात तयारच असतात.

"पाणी मिळेल का?" मी म्हणालो. "हात धुवायला. आणि ग्लासभर प्यायला."

बाईंनी भिंतीजवळचा नळ सोडला आणि पाइप माझ्या हातांवर धरला. पाणी फार गार होतं. आधी लाल गेलं, मग फिकट, मग नुसतं पाणी. त्यांनी पाइप खाली ठेवला, आत गेल्या आणि ग्लास भरून आणला. गाडीतून गुरुनाथ बघत होता. त्याने इंजिन बंद केलं.

मला तहान नव्हती. उभ्या उभ्या मी ते सगळं प्यायलो.